आठचा निकाल, अकराची चाल

उद्यमनगरात मशीन शॉप असलेल्या 38 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. ते आणि शिरोलीत फाउंड्री असलेला त्यांचा मित्र, दोघं तालमीपासूनचे सोबती. वर्षातून दोनदा पणजीला जाऊन कॅसिनोत पोकर खेळतात. गेल्या खेपेला रात्री आठच्या सुमारास एका डावात पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, 18,000 चा झाला होता. शेवटचा पत्ता पडल्यावर समोरच्या हुबळीच्या वयस्कर गृहस्थांनी 6,000 लावले. वाचकांकडे फुल हाऊस होतं, म्हणजे फ्लशला हरवणारे पत्ते. त्यांनी काही न बोलता 6,000 चे चिप्स पुढे ठेवले, हात मागे नेला आणि आणखी 14,000 पुढे सारले. डीलर तोंड उघडायच्या आत, आधीच पत्ते टाकून बसलेला मित्र म्हणाला, "दो बार में गया." टेबलावरचे वाद सोडवणारा फ्लोअर मॅनेजर आला, त्याने डीलरला विचारलं आणि निकाल दिला: हा रेज (बेट वाढवणं) नाही, फक्त कॉल (समोरच्याएवढेच पैसे लावणं). 14,000 परत. गृहस्थांकडे फ्लश निघाला. डाव वाचकांनीच जिंकला, पण "हक्काचे 14,000 बुडाले" म्हणून त्यांचा आवाज चढला. "पुढे अकरा वाजता त्याच काकांना मी जरा खेळवलं, दहा हजार वाचवले, तेव्हा फ्लोअरने मलाच बरोबर ठरवलं, मित्र मात्र गप्प." त्यानंतर तीन महिने दोघांत बोलणं नाही. मित्राकडची कास्टिंग्ज दुसऱ्यांमार्फत येतात. घरी पत्नीला वाटतंय, धंद्यातलं काही बिनसलंय. वाचक विचारतात: निकाल बरोबर होता का, मित्राने दगा दिला का, आणि असल्या कटकटींपेक्षा शनिवारी इथेच, कोल्हापुरात, आपलं आपलं टेबल लावावं का?

तुम्ही आठच्या डावाला दोन पानं दिली आहेत आणि अकराच्या डावाला जेमतेम दोन ओळी. मी त्या दोन ओळी चार वेळा वाचल्या. त्यांच्याकडे येतेच, पण आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण त्याचं उत्तर सरळ आहे.

निकाल बरोबर होता. तुम्ही जे केलंत त्याला पोकरमध्ये स्ट्रिंग बेट म्हणतात. रेज करायचा तर सगळे चिप्स एका दमात पुढे जायला हवेत, नाहीतर त्याआधी तोंडाने सांगायला हवं. "रेज, वीस हजार" एवढे शब्द आधी उच्चारले असते, तर नंतर चिप्स चार खेपांत नेले असते तरी चाललं असतं. नुसतं "रेज" म्हणाला असतात, तरी कॉलचे सहा हजार ठेवून उरलेली रक्कम आणखी एका खेपेत ठेवता आली असती. न बोलता सहा हजार ठेवून हात मागे गेला, त्याच क्षणी तुमचा कॉल झाला. नंतरचे चौदा हजार खेळात आलेच नाहीत.

"पण माझ्या मनात पहिल्यापासून रेजच होता, मुठीत एवढे चिप्स मावले नाहीत म्हणून दोनदा हात गेला," असं तुम्ही लिहिता. मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवते. बहुतेक वेळा हे असंच होतं, आणि आपल्याकडे जरा जास्तच होतं, कारण आपण पत्ते शिकलो ते गणपतीच्या जागरणात आणि दिवाळीच्या रात्री, सतरंजीवर. तीन पत्तीत चाल खेळताना आपण एक नोट टाकतो, मग खिशात हात घालून दुसरी काढतो, "थांब, अजून पन्नास" म्हणतो आणि कुणाचं काही म्हणणं नसतं. समोर चुलतभाऊ असतो, त्याला तुमचा स्वभाव ठाऊक असतो. कॅसिनोत समोर बसलेल्या माणसाला तुमचं नावही माहीत नसतं. त्याच्याकडे तुमच्याबद्दल दोनच गोष्टी असतात, तुमचा शब्द आणि तुमच्या हाताची हालचाल. डीलरकडेही तेवढंच असतं. मनात काय होतं हे मोजायला त्या टेबलावर कुणाकडे काही साधन नाही, म्हणून नियम मनाला विचारतच नाही.

आता हा नियम आला कुठून? समजा, मी सहा हजार ठेवले आणि क्षणभर थांबले. समोरच्याला वाटलं, कॉल झाला, डाव संपला. त्याचा चेहरा सैल पडला किंवा तो पत्ते उलटायला पुढे झुकला. त्या अर्ध्या सेकंदात मला कळलं की त्याच्याकडे काय दमाचं आहे. मग मी ठरवणार, आणखी चौदा ढकलायचे की तेवढ्यावर थांबायचं. ही फुकटची माहिती कुणाला मिळू नये म्हणून स्ट्रिंग बेटला बंदी आहे. अर्धी हालचाल करून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग आपली चाल ठरवायची, हे कुणालाच करता येऊ नये, यासाठी.

अकरा वाजता तुम्ही नेमकं हेच केलंत.

तुमच्या त्या दोन ओळींतच तपशील आहे. तुमचा फ्लश बसला नव्हता, हातात काहीच नव्हतं. तुम्ही दहा हजारांची चळत उचलून टेबलावरच्या रेषेपर्यंत नेलीत आणि तिथे धरून ठेवलीत. काकांचा हात चिप्सकडे गेला, म्हणजे ते कॉल करणार हे दिसलं. तुम्ही चळत मागे घेतलीत आणि "चेक", म्हणजे पैसे न लावता पुढे, असं म्हणालात. ते म्हणाले, "ये सही नहीं है भाई." चिप्सनी रेषा ओलांडली नव्हती, त्यामुळे त्या कॅसिनोच्या नियमाप्रमाणे फ्लोअरने तुमचा चेक मान्य केला. काकांचा हात चिप्सऐवजी पत्ते टाकायला गेला असता, तर तुम्ही चळत पुढे ढकलून तो पॉट उचलला असता. खरं ना?

याला अँगल शूटिंग म्हणतात. नियमाच्या कडेने चालायचं, पाय रेषेच्या आत ठेवायचा आणि समोरच्याला फसवायचं. फ्लोअरने तुम्हाला "बरोबर" ठरवलं नाही. त्याने एवढंच सांगितलं की रेषा ओलांडली गेली नाही. ब्लफ वेगळा. ब्लफमध्ये तुम्ही पैसे खरोखर लावता, ते जाण्याची जोखीम घेता. तो खेळाचा जीव आहे. अकरा वाजता तुम्ही काहीच पणाला लावलं नव्हतं.

आठ वाजता तुमचं म्हणणं होतं, माझ्या मनातलं बघा, हाताकडे बघू नका. अकरा वाजता तुम्हाला हवं होतं की लोकांनी हाताकडेच बघावं आणि मनातलं सोडून द्यावं. हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. रागावलेला माणूस असाच वागतो. आठ वाजता त्या काकांचे पैसे वाचले आणि तुमच्या डोक्यात हिशोब बसला की ते तुमचं देणं लागतात. पण त्यांनी तर तोंडही उघडलं नव्हतं.

त्या चौदा हजारांचंही पुन्हा बघू. ते हक्काचे होते हे तुम्ही धरूनच चालला आहात. वीस हजारांचा रेज मान्य झाला असता, तर काकांना आणखी चौदा हजार घालून बघावं लागलं असतं. हुबळीहून येऊन शांतपणे खेळणारा वयस्कर माणूस, बोर्डावर, म्हणजे मध्ये उघड्या पडलेल्या सामायिक पत्त्यांवरून, फुल हाऊस शक्य आहे हे दिसत असताना, नुसत्या फ्लशवर चौदा हजार घालेलच असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता? त्यांनी पत्ते टाकले असते तर तुम्हाला 18,000 चा पॉट आणि त्यांचे 6,000 मिळाले असते, म्हणजे आत्ता मिळाले तेवढेच. बुडाली ती एक शक्यता. तिची किंमत चौदा हजारांपेक्षा पुष्कळ कमी होती, आणि तुम्ही तीन महिने पूर्ण चौदाचं व्याज भरताय.

आता मित्र. "त्याचं काय जात होतं? तो डावात नव्हता," असं तुम्ही लिहिता.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल लिहायचं आहे. ते शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल सामन्यांना रेषेवर उभे राहायचे, हातात झेंडा घेऊन. आमच्या पेठेचा संघ खेळणार असेल तर ते नको म्हणायचे, पण एकदा माणूस कमी पडला आणि उभं राहावं लागलं. शेवटच्या काही मिनिटांत आमच्याच संघाच्या गोलच्या वेळी त्यांनी ऑफसाइडचा झेंडा वर केला. गोल रद्द झाला. संध्याकाळी आम्ही नेहमीच्या चहाच्या गाड्यावरून घरी आलो, तर कुणी हाक मारली नाही. गाडेवाल्याने कप पुढे केला, पण बोलला नाही. घरी आल्यावर वडिलांनी झेंडा धुतला, तारेवर वाळत घातला आणि किती तरी वेळ त्याच्या चुण्या हाताने सारख्या करत बसले. मी नऊ वर्षांची होते. मी विचारलं, "तुम्ही बघितलंच नाही म्हणाला असता तर?" ते म्हणाले, "पण बघितलं होतं."

तुमच्या मित्राने बघितलं होतं.

तो डावात नव्हता, त्याला एक रुपयाही मिळणार नव्हता, म्हणून तर त्याचा शब्द स्वच्छ होता. शिवाय तुम्ही दोघं एकाच गाडीतून आलेले, एकमेकांना नावाने हाका मारणारे, मध्येच मराठीत बोलणारे. अशा जोडीवर टेबलाचा डोळा असतोच: हे दोघं मिळून तर खेळत नाहीत ना? मित्राची चूक दिसली आणि मित्राने झाकली, एवढं एकदा जरी घडलं तरी बाकीचे सात जण तुम्हा दोघांकडे त्याच नजरेने बघणार. त्याने तोंड उघडून तुमचंही नाव राखलं.

इथे एक मान्य करायला हवं. स्ट्रिंग बेट सांगणं हे मुळात डीलरचं काम. बाहेर बसलेल्याने लगेच तोंड घालू नये, डीलरला आधी संधी द्यावी, असं मानणारे चांगले खेळाडू आहेत आणि माझाही कल तिकडेच आहे. तुमचा मित्र दोन सेकंद थांबला असता तर बरं झालं असतं. पण ही घाई झाली. तिला दगा म्हणता येणार नाही.

आणि अकरा वाजता तो गप्प का बसला? तुम्हाला वाटतं, तेव्हा त्याला तुमची बाजू पटली. मला वेगळी शंका आहे. आठ वाजता खरं बोलल्यावर तुमचे डोळे त्याने बघितले होते. तीन तासांनी तेच काका नाडले जात असताना त्याने तुमच्या डोळ्यांच्या धाकाने मान खाली घातली असेल. तसं असेल, तर तीन महिन्यांत त्याला आठच्या बोलण्यापेक्षा अकराचं गप्प बसणं जास्त खात असणार. ही माझी शंका आहे. खरं काय ते त्यालाच ठाऊक.

आवाज चढवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण असली पत्रं मला इतरांचीही येतात. निकाल चुकतात. पोकरमध्येही चुकतात. पण 2025 साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. खांदे टेकले की नाही यावर वाद झाला, एका नावाजलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी आली. त्या लाथेनंतर महाराष्ट्रभर चर्चा लाथेचीच झाली, खांद्यांचा प्रश्न मागे पडला. खासबागेच्या गावच्या माणसाला हे मी वेगळं समजवायला नको. कॅसिनोत डीलर पगारी मुलगा किंवा मुलगी असते, रात्रभर उभ्या-बसल्या शेकडो डाव वाटते. त्यांच्यावर ओरडून निकाल फिरत नाही. निकाल पटला नाही तर शांतपणे "फ्लोअर बोलवा" म्हणायचं. फ्लोअर आला की जे घडलं तेच क्रमाने सांगायचं, मनात काय होतं ते नाही. पुढचा डाव सुरू व्हायच्या आत हे सगळं करायचं. पत्ते पुन्हा पिसायला घेतले की मागच्या डावाची तक्रार सहसा ऐकली जात नाही. तोवर पॉट आणि आपले पत्ते जागचे हलू द्यायचे नाहीत. फ्लोअरचा निकाल लागला की विषय संपला.

नियमांचं सांगायचं तर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संस्था 2001 पासून स्पर्धांचे नियम एकत्र करत आली आहे, आणि तिचा पहिलाच नियम असा आहे की खेळाचं हित आणि न्याय यांना अग्रक्रम, त्यासाठी प्रसंगी नियमाच्या अक्षराला बगल देण्याचा अधिकार फ्लोअरला आहे. पण ते स्पर्धांपुरतं. तुम्ही खेळता त्या रोख पैशांच्या टेबलावर त्या-त्या कॅसिनोचे स्वतःचे नियम चालतात. कुठे रेषा ओलांडली की पैसे लागले, कुठे चिप्स घेऊन हात पुढे झाला तरी लागले. म्हणून नव्या ठिकाणी बसताना डीलरला पहिल्या पाच मिनिटांत विचारा, "लाइन का रूल क्या है?" हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

गोव्याला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची आणखी एका ठिकाणी हमखास फसगत होते, ती म्हणजे मोठी चिप. समोर दोन हजारांची बेट आहे, तुम्ही न बोलता पाच हजारांची एकच चिप टाकलीत, तर तो कॉल धरला जातो, तीन हजार परत येतात. रेज हवा असेल तर चिप हातातून सुटायच्या आधी शब्द सुटला पाहिजे. आणि रेज कितीचा? समोरच्याने सहा हजार लावले असतील तर किमान बारापर्यंत जावं लागतं. आठ हजारांचा रेज होत नाही. आपली पाळी यायच्या आत बोलू नका, कारण मधल्या खेळाडूने नवी बेट किंवा रेज केला नाही तर ते बोलणं बहुतेक ठिकाणी तुम्हाला बांधून ठेवतं. दाखवायची वेळ आली की दोन्ही पत्ते उताणे टेबलावर ठेवा. उताणे पत्ते डीलर वाचतो, तुम्ही तोंडाने चुकीचं सांगितलंत तरी जिंकलेले पत्ते जिंकलेलेच राहतात. पण समोरच्याने "माझा फ्लश आहे" म्हटलं म्हणून न बघता पत्ते पालथे सरकवलेत, तर ते गेलेच समजा. आणि डाव चालू असताना मित्राशी मराठीत चकार शब्द नको. चहा-जेवणाचं बोलत असलात तरी ज्याला मराठी कळत नाही त्याला ते पत्त्यांचंच बोलणं वाटतं.

जिंकणारे पत्ते हातात असताना समोरच्याला उगाच ताटकळत ठेवून मग सावकाश उलटायचे, हे कुठल्याही नियमात बसतं. तरी करू नका. त्या माणसाचे पैसे गेलेत, तेवढं पुरे.

शनिवारच्या टेबलाबद्दल माझं उत्तर नाही असंच आहे. गोव्यात कॅसिनो चालतात ते तिथल्या 1976 च्या कायद्यातल्या खास सवलतीमुळे. महाराष्ट्रातही 1976 साली कॅसिनोचा कायदा झाला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच झाला. आपल्याकडे 1887 चा जुगारबंदीचा कायदा लागू आहे. रमीला सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये कौशल्याचा खेळ मानलं, पण पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगार ठरवला. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या फार्महाऊसवर पैसे लावून टेबल मांडलंत आणि छापा पडला, तर ही चर्चा पोलीस ठाण्यात करावी लागेल. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदीच आली आहे. आणि समजा कायद्याचं काही नसतं, तरी विचार करा. डीलर आणि फ्लोअर असलेल्या टेबलावर तुमचं हे झालं. तिथे निकाल द्यायला तिसरा माणूस तरी होता. फार्महाऊसवर निकाल मित्रच देणार. बिनपैशाचं खेळायचं असेल तर जरूर खेळा, चिप्स एका दमात पुढे सारायची सवय तिथे छान लागेल.

एक प्रश्न मी विचारणार आहे, त्याचं उत्तर मला पाठवू नका, स्वतःला द्या. पणजीला जाताना किती पैसे नेता हे घरी माहीत आहे का? पत्नीला भांडण धंद्यातलं वाटतंय, म्हणजे बहुधा आकडे माहीत नाहीत. चौदा हजारांनी घर बसणार नाही हे मला कळतं. पण जी रक्कम घरी सांगता येत नाही, ती हरल्यावर माणूस टेबलावर भांडत बसतो, हे मी बारा वर्षं वर्षातून दोनदा खेळताना अनेकांच्या बाबतीत बघितलंय. माझी रक्कम घरी माहीत असते, ती संपली की मी उठते आणि मांडवीच्या कडेने फिरून येते.

आता करायचं काय ते सांगते. मित्राच्या फाउंड्रीत जा. भट्टी चालू नसेल तो दिवस बघा, मेटल ओतताना कुणाला बोलायला फुरसत नसते. आठच्या डावापासून सुरुवात करू नका, तिथून सुरू केलंत तर पुन्हा "दोन वेळा गेला की एक वेळा" यावर गाडी येईल. अकराच्या डावापासून करा. त्या काकांना मी खेळवलं ते चुकलं, आणि तू बघत होतास हे मला माहीत होतं, एवढंच सांगा. पुढचं तो बोलेल. नाही बोलला तर चहा घेऊन उठा, पुन्हा जा.

पुढच्या खेपेला दोघं गेलात तर शक्य असेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा. आणि ते काका दिसले, तर डाव चालू नसताना त्यांच्याजवळ जाऊन दोन वाक्यं बोला. हिंदीत बोला, म्हणजे त्यांना कळेल.

फाउंड्रीतून निघताना तुमची जी कास्टिंग्ज तयार पडली असतील, ती या वेळी स्वतःच्या गाडीत घालून आणा.